चीफ झिराडकरांचा नवस

चीफ झिराडकर पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी चपला काढल्या, नमस्कार केला आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन आमच्या फ्रिजवर तळहात ठेवला. डोळे मिटले. मी पाण्याचा ग्लास धरून उभी. माझा नवरा निखिल मला डोळ्यांनीच 'गप्प राहा' म्हणून खुणावत होता.

"कंप्रेसर जाणार," चीफ डोळे उघडत म्हणाले. "दिवाळी बघणार नाही हा."

तो फ्रिज आम्ही सिंगापूर सोडेपर्यंत ठणठणीत चालला. पण दर दिवाळीला मी त्याच्याकडे धसकून बघायची ती बघायचीच.

चीफ म्हणजे चीफ इंजिनिअर. निखिल पहिल्यांदा बोटीवर चढला तेव्हा हे त्याचे साहेब होते. पुढे त्यांनी समुद्र सोडला आणि सिंगापुरात एका जहाज कंपनीच्या ऑफिसात, बोटींच्या देखभालीचं काम धरलं. खुर्ची आली, टेबल आलं, नाव मात्र चीफच राहिलं. बेडोकमधला आमचा भाड्याचा फ्लॅटही त्यांनीच मिळवून दिला, त्यांच्याच मजल्यावर, लिफ्टच्या शेजारी. त्यामुळे त्यांचं येणंजाणं मला दारातूनच दिसायचं.

काळजी हा ह्या माणसाचा पेशा होता. इंजिनरूममधली माणसं यंत्राचा आवाज ऐकत झोपतात म्हणे, आणि आवाज बदलला की जागी होतात. चीफ जमिनीवर आले तरी त्यांचे कान खाली इंजिनरूममध्येच होते. सकाळी पाया लेबार भागात ऑफिसला जाताना आम्ही बऱ्याचदा एकाच एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, असायचो. मी फोनमध्ये बघायची, हे डब्याच्या भिंतीला हात लावून उभे. लिफ्ट, वॉशिंग मशीन, डेंटिस्टची खुर्ची, कशालाही आधी हात लावायचे. "सगळं ठीक आहे" असं कुणी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "म्हणजे आपल्याला अजून कळलेलं नाही."

मी एकदा वैतागून विचारलं, "चीफ, तुमचा कशावरच विश्वास कसा नाही हो?"

"आमचं घराणंच मुळी जहाज फुटल्यामुळे सुरू झालं," ते म्हणाले. "मी काय विश्वास ठेवू?"

ही थट्टा नव्हती. चीफ बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी ज्यू. शेकडो वर्षांपूर्वी नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं, त्यातून वाचलेली मूठभर माणसं ह्यांचे पूर्वज, असं ते परंपरेनं सांगतात. ती माणसं तिथंच राहिली, तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. चीफचं पूर्ण नाव एलिस मोझेस झिराडकर. मराठी अलिबागचं, अस्सल. शुक्रवारी दिवे लागले की फोन बंद, शनिवारभर बंद. खवले नसलेला मासा घरात येत नाही. जन्म अलिबागचा आणि कोलंबीला हात नाही, ह्यापेक्षा मोठा त्याग मी तरी पाहिलेला नाही.

आणि मलिदा. पुण्यात मलिदा हा कंत्राटदार खातात एवढंच मला ठाऊक. चीफच्या घरी मलिदा म्हणजे भिजवलेले गोड पोहे, त्यात खवलेला नारळ, वेलची, सुकामेवा, भोवती फळं आणि गुलाबाच्या पाकळ्या. डोक्याला टोपी घालून हिब्रूत प्रार्थना म्हणायची, एलियाहू हानबी ह्या त्यांच्या पैगंबराचं नाव घ्यायचं, आणि मग वाटायचा. मागितलेलं मिळालं की नवस फेडायला मलिदा. चीफच्या घरची एक जास्तीची रीत होती. ताट हातात देताना हा कशाचा मलिदा आहे ते सांगून द्यायचं.

"आई अख्ख्या आळीत सांगत फिरायची," ते म्हणाले होते. "एलिसला ताप होता, उतरला, हा घ्या. न सांगता दिला तर नवस फिटला असं आमच्यात धरत नाहीत. देव म्हणणार, एवढं मागितलंस आणि चार लोकांत कबूल करायला लाजतोस होय?"

निखिल एकदा वादळातून सुखरूप परतला तेव्हाही चीफनी मलिदा केला होता. मी ताट घेऊन दारात उभी राहून ढसाढसा रडले होते.

त्यांची बायको फ्लोरा आम्ही तिथे जायच्या बरीच आधी गेली. मागे एकच मुलगी, हॅना. ती शाळेत जायला लागली नव्हती तेव्हाच हे घडलं, आणि चीफना तर बंदरात लागलेल्या बोटीवर कधीही धावावं लागे. त्या वेळी समोरचं दार उघडलं ते मग उघडंच राहिलं.

समोर झैनाब माकचिक राहायची, मलय मुसलमान. माकचिक म्हणजे मलय भाषेत मावशी. शाळेच्या कॅन्टीनमध्ये तिचा जेवणाचा स्टॉल. नवरा टॅक्सी चालवायचा, आणि हॅनाच्याच वयाची एक मुलगी, नादिया. सिंगापूरच्या सरकारी इमारतींत घराला बाहेरून लोखंडी जाळी आणि आत लाकडी दार असतं. माकचिकचं लाकडी दार दिवसभर सताड उघडं असायचं. हॅना शाळेतून आली की दप्तर आपल्या घरात टाकायची आणि जेवायला समोर. तिच्यासाठी माकचिकने वेगळं पातेलं, वेगळी कढई ठेवली होती. बेडोकच्या बाजारात मासेवाल्याला माकचिक ठणकावून विचारायची, "खवले आहेत ना? माझ्या एका पोरीला चालत नाही लाह!" हा 'लाह' तिथे वाक्याच्या शेपटीला लागतोच.

एकदा इमारतीला रंग देत होते. चीफ तेव्हा बोट तपासायला बाहेरदेशी गेले होते. त्यांच्या दाराच्या उजव्या चौकटीला मेझुझा होता, म्हणजे ज्यू घरांच्या चौकटीवर असते ती छोटी नळी, आत पवित्र वचनांची गुंडाळी. रंगारी ब्रश घेऊन आला तशी माकचिक स्टूल घेऊन धावली. तिने मेझुझावर चिकटपट्टी लावली, वर प्लास्टिक बांधलं आणि रंगाऱ्याचं काम होईपर्यंत तिथेच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. चीफ ही गोष्ट इतक्यांदा सांगायचे की आमच्या मजल्यावर सगळ्यांना ती पाठ होती.

मग तिकडे इस्राएलच्या सीमेवर लढाई सुरू झाली आणि जगभर माणसं एकमेकांवर ओरडायला लागली. आमच्या मजल्यावर कुणी ओरडलं नाही. उलट सगळं हळू झालं. माकचिक टीव्हीवर पोरांचे मृतदेह बघून रडत असायची, आणि कॉरिडॉरमध्ये चीफची चाहूल लागली की चॅनल बदलायची. चीफही मोबाइलवर बातम्या बघायचे, त्यांचीही माणसं तिकडे होती, आणि माकचिक दिसली की आवाज बंद करायचे. दोघंही एकमेकांना जपत होते.

"आवाज बदललाय, मुग्धा," चीफ एकदा एमआरटीत म्हणाले. मला वाटलं डब्याचा. ते मजल्याबद्दल बोलत होते.

अशा दिवसांत हॅनाने सांगितलं की तिची एका अभ्याससहलीसाठी निवड झाली आहे. आशियातल्या कॉलेजांमधली ज्यू मुलं. युरोपातली जुनी शहरं बघायची, जिथे ज्यूंच्या वस्त्या होत्या आणि आता नुसती गल्ल्यांची नावं उरली आहेत तिथे जायचं, इतिहास शिकायचा. शेवटी एक कार्यशाळा: आपल्या विद्यापीठात आपल्या लोकांबद्दल कसं बोलायचं, वाद कसा घालायचा, घाबरायचं कसं नाही. परत आल्यावर प्रत्येकाने आपापल्या कॉलेजात एक भाषण द्यायचं.

चीफचं धाबं दणाणलं. इतिहासाला त्यांची हरकत नव्हती, भाषणाला होती. "ह्या देशात आपण पाहुणे," ते म्हणाले. "पाहुण्याने माईक हातात घेऊ नये."

"पापा, आय ग्रू अप हिअर लाह," हॅना म्हणाली. "आणि परवानगी घेऊन, वर्गात, हिस्ट्रीवर बोलणार. कोण ओरडतंय?"

"तुला बोलायला शिकवणार आहेत."

"मग?"

चीफनी तिला उत्तर दिलं नाही. मला दिलं, दुसऱ्या दिवशी, स्टेशनच्या जिन्यावर. "मला तिच्या जिवाची भीती नाही. विमान, थंडी, ते सगळं होईल नीट. पण तिथून ती शिकून येईल, आणि नादियासुद्धा तिच्या कॉलेजात काहीतरी शिकतेच आहे. मग ह्या दोघी दारात उभ्या राहून एकमेकींना काय म्हणतील? फ्लोरा गेल्यावर त्या दारामुळे आम्ही जगलो, मुग्धा. ते बंद झालं तर मी काय करू?"

पोरीपुढे त्यांचं काही चाललं नाही. ती निघाली. नादिया तेव्हा पिनांगला आजीकडे गेलेली, आणि हॅनाचा बेत होता की परत आल्यावर समोर बसून तिला सगळं सांगायचं. मी त्यांना निरोप द्यायला लिफ्टपर्यंत आले होते. बॅग लिफ्टच्या दारात, आणि तेवढ्यात माकचिक बाजारातून येऊन पुढ्यात उभी.

"अय्यो, एवढी मोठी बॅग! हॅना कुठे चालली?"

हॅना तोंड उघडणार तेवढ्यात चीफ म्हणाले, "अलिबाग. माझ्या बहिणीकडे."

ज्या माणसाने सगळी नोकरी तेलगळतीचा थेंबसुद्धा न लपवता केली, त्याच्या तोंडून हे बाहेर पडलं. हॅना बापाकडे बघतच राहिली. माकचिकचा चेहरा मात्र उजळला. "मग आमसुलं!" ती म्हणाली. चीफच्या बहिणीची आमसुलं एकदा चाखल्यापासून माकचिकच्या माशाच्या कालवणात दुसरं आंबट पडत नव्हतं.

"हो हो, आमसुलं," चीफ म्हणाले आणि त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं, दोनदा दाबलं.

खाली हॅनाने बापाला सुनावलं असणार. टॅक्सीने तिला विमानतळावर सोडून ते परत आले तेव्हा चेहरा पार उतरला होता. "म्हणाली, मी फोटो टाकत नाही, नादियाला काही कळवत नाही. पण मी परत आल्यावर हे तुम्ही दुरुस्त करायचं." मग खिडकीशी जाऊन म्हणाले, "मी नवस बोललोय. सुखरूप परत येऊ दे, मलिदा करीन."

त्यानंतरचे दोनेक आठवडे चीफ आमच्या घरात एका जागी बसले असतील तर शपथ. पहिली अडचण आमसुलांची. ती मी लिटल इंडियातून आणली, प्लास्टिकच्या चकचकीत पुड्यातली. चीफनी ती नाकाला लावली आणि खुर्चीत बसले. "ही दुकानातली आहेत हे माकचिकला वासानेच कळेल." मग त्यांना मीठ चोळणं आलं, पाण्यातून काढणं आलं, वाळवणं आलं. त्यांच्या खिडकीत वाळवली तर समोरून दिसणार, म्हणून माझ्या खिडकीत. एका अनुभवी चीफ इंजिनिअरने आमच्या ओट्यावर बसून आमसुलं जुनी दिसावीत म्हणून ती दगडाखाली दाबली आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मला हसू येत होतं, पण ते एकेक आमसूल उचलून पुन्हा नाकाला लावून बघत होते, त्यामुळे हसता आलं नाही.

एकदा ते असेच दाबत बसलेले असताना हॅनाचा फोन आला. त्यांनी स्पीकर लावला.

"पापा, व्हॉट हॅपन्ड टू अस?"

"कुठे काय? काय झालं?" चीफ उभेच राहिले.

"नाही, आत्ता नाही. हिस्ट्रीमध्ये. इथे सगळे आपापल्या फॅमिलीची गोष्ट सांगतात. कुणाचं घर जाळलं, कुणाचे सगळे मेले. सगळे रडतात. उद्या माझा टर्न आहे. आपल्याला काय झालं होतं?"

चीफ परत ओट्यावर टेकले. "जहाज फुटलं," ते म्हणाले.

"त्यानंतर?"

"त्यानंतर तेल गाळलं. शनिवारी घाणा बंद ठेवला. कुणी काही केलं नाही गं आपल्याला. शेजारी बरे होते."

मग ती बारीक आवाजात म्हणाली, "आज आम्ही एक गल्ली बघितली. तिथेही शेजारी बरे होते, पापा. आधी." आणि फोन बंद झाला.

चीफनी आमसूल हातात तसंच धरून ठेवलं होतं. त्यांना त्या दिवशी मी जेवायला थांबवून घेतलं, पण ते दोन घासांवरच उठले.

हॅना परत आली. थोडी बारीक झालेली, जरा गप्प. चीफनी जाऊन आमसुलं दिली, आणि माकचिकने त्याच दिवशी कालवण केलं. संध्याकाळी ती दारात आली. "चीफ, ह्या वेळी बहिणीच्या हाताची चव वेगळी लागली. बरी आहे ना ती?"

"जरा गुडघे धरलेत तिचे," चीफ म्हणाले. एका खोट्याला टेकू द्यायला दुसरं.

दुसऱ्या दिवशी माकचिकने बहिणीच्या गुडघ्यांसाठी तेलाची बाटली आणून दिली. तिच्या आईचं घरगुती औषध, स्वतः उकळलेलं. "कुणी इंडियाला जाणार असेल तर पाठवा लाह. रोज रात्री चोळायचं म्हणावं."

ती बाटली चीफच्या जेवणाच्या टेबलावर उभी राहिली आणि चीफ टेबलावर जेवेनासे झाले. वाडगा हातात घेऊन उभ्याने खायचे.

मलिदा मात्र होईना. आज काय तर नारळ चांगला मिळाला नाही, उद्या ऑफिसात बोटीचं काम अडकलं. हॅना सुखरूप आलेली, मागणं पुरं झालेलं, आणि देवाचं देणं अंगावर. चीफसारख्या माणसाला ह्यामुळे झोप लागणं शक्य नव्हतं. पण मलिदा केला की समोरच्या दारात ताट जाणार, आणि माकचिक विचारणार, हा कशाचा. दरवेळी विचारायची. तिला ती रीत चीफनीच शिकवली होती. अलिबागला आत्याकडे जाऊन आली म्हणून कुणी नवस बोलत नाही, हेही तिला कळत होतं. आणि हातात एलियाहूचं ताट धरून खोटं बोलणं चीफच्याने ह्या जन्मात झालं नसतं.

शेवटी हॅनानेच कोंडी फोडली. तिच्या भाषणाला परवानगी मिळाली, दिवस ठरला. ती बापाला म्हणाली, "मी नादियाला आणि माकचिकला बोलावणार आहे. त्याआधी तुम्ही सांगा. नाही तर मी सांगते. तिथे आम्हाला पहिल्या दिवशी काय सांगितलं माहितीये? लपू नका. आणि इकडे माझाच बाप मला लपवतोय."

चीफ माझ्याकडे आले. "उद्या नारळ खवायला येशील?" एवढंच म्हणाले.

मी गेले. त्यांनी टोपी घातली, प्रार्थना म्हटली. हॅनाने फळं कापली. ताट भरलं. हॅना म्हणाली मी येते, तर म्हणाले नको, हे माझं आहे. मला मात्र म्हणाले, "तू ये. नुसती उभी राहा." एका हातात ताट, दुसऱ्या हातात ती तेलाची बाटली, असा तो मोठा माणूस तेवढा छोटा कॉरिडॉर ओलांडून गेला.

त्या दोघांचं बोलणं इंग्रजीतलं, मी मराठीत लिहिते.

"अरे वा, मलिदा!" माकचिकने हात पुसत जाळी उघडली. "हा कशाचा?"

"हॅना सुखरूप परत आली त्याचा," चीफ म्हणाले. "अलिबागहून नाही. ती युरोपला गेली होती. ज्यू मुलांच्या सहलीला. आमचा इतिहास शिकायला, आणि त्याबद्दल कॉलेजात बोलायला शिकायला. मी तुम्हाला खोटं सांगितलं. आमसुलं लिटल इंडियातली. माझ्या बहिणीचे गुडघे चांगले आहेत." आणि त्यांनी बाटली पुढे केली.

माकचिकने बाटली घेतली नाही. ताटही घेतलं नाही. आतून टीव्हीचा आवाज येत होता.

"चीफ, तुम्हाला माझी भीती वाटली?"

चीफनी बाटली परत छातीशी घेतली.

"मला वाईट वाटलं असतं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू, वाटलं असतं. हल्ली मला फार वाईट वाटतं, रोज वाटतं. दोन दिवस मी बोलले नसते. मग बोलले असते. पण तुम्ही एवढी वर्षं ह्या दारातून आतबाहेर केलंत, आणि तुम्हाला माझी भीती वाटली."

तिने ताटातला चिमूटभर मलिदा उचलून तोंडात टाकला, कारण देवाचं होतं. ताट चीफच्या हातातून घेतलं, आत नेलं. जाळी लावली. आणि मग लाकडी दार लावलं. त्या मजल्यावर राहायला आल्यापासून ते दार दिवसा बंद झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

चीफ बाटली धरून उभे होते. "नवस फिटला," ते मला म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि मला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती, दोन्ही एकदम.

भाषणाच्या दिवशी मी रजा टाकून गेले. छोटा वर्ग, वीसेक मुलं. चीफ मागच्या बाकावर, गुडघ्यांवर हात दाबून. माकचिक आली नाही. नादिया आली, दुसऱ्या रांगेत बसली. हॅनाने नवगावचं सांगितलं, घाण्याचं सांगितलं. मग म्हणाली, आमच्या घराण्याची दुःखाची गोष्ट शोधायला मी गेले होते, ती काही मिळाली नाही, माझ्याकडे फक्त एका चिकटपट्टीची गोष्ट आहे. आणि तिने रंगाऱ्याची गोष्ट सांगितली. चीफ मान खाली घालून ऐकत होते.

शेवटी नादियाने हात वर केला. "माझी आई रोज टीव्हीवर जी मुलं बघते, त्यांच्याबद्दल तू कधी बोलणार?"

चीफनी माझं मनगट धरलं, दुखेल इतकं घट्ट.

हॅना म्हणाली, "ह्याला एक उत्तर आहे. आम्हाला शिकवलंय, मला पाठ आहे. ते मी तुला देणार नाही. घरी बोलू."

"ओके. बट वुई टॉक हां," नादिया म्हणाली.

"टॉक लाह."

आणि त्या दोघी बोलल्या. बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांच्या बाजारात बसून इतक्या मोठ्यांदा भांडल्या की कप उचलणारे काका दोनदा येऊन बघून गेले. नादिया रडली, हॅना उठून निघाली, मग परत आली. पुढच्या आठवड्यात पुन्हा भांडल्या. पण एकत्र जात राहिल्या. चीफनी ज्या दोघींसाठी जीव टांगणीला लावला होता, त्यांचं त्यांनी आपसात काहीतरी चालतं ठेवलं. बंद झालं ते मोठ्यांचं दार. आठवडे गेले. मलिद्याचं ताट घासूनपुसून एक दिवस चीफच्या दाराबाहेर ठेवलेलं दिसलं, रिकामं. माकचिकने ह्याआधी त्या घरात कधी रिकामं ताट पाठवलं नव्हतं. चीफनी ते उचललं तेव्हा मी माझ्या दारातून पाहिलं आणि आत निघून गेले.

ते रोज संध्याकाळी ऑफिसातून येऊन आपल्या दारात खुर्ची टाकून बसायला लागले. मी म्हटलं, "चीफ, जाऊन बोला ना." म्हणाले, "आता बोलायची पाळी माझी नाही." यंत्र बिघडलं तर हा माणूस जेवणावरून उठून जायचा. इथे त्यांना नुसतं बसून वाट बघायची होती, आणि ते त्यांना येत नव्हतं. एक पाय सारखा हलत असायचा.

पुढे निखिलने बोट सोडून पुण्याला जमिनीवरची नोकरी धरली, माझीही बदली झाली, आम्ही सामान बांधलं. निघायच्या संध्याकाळी मी चीफच्या पाया पडायला गेले. ते खुर्चीतच होते. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोचलीस की फोन कर. विमानात पंखाजवळ बसू नकोस." निखिल सामान घेऊन खाली गेला होता. मी लिफ्टपाशी आले, बटण दाबलं.

तेवढ्यात समोरचं लाकडी दार उघडलं. माकचिक कपडे वाळत घालायला बाहेर येत असावी, हातात बादली होती. ती चीफकडे न बघता, जाळीतूनच म्हणाली, "हॅना माकान?" जेवली का, एवढंच. सिंगापुरात सगळे सगळ्यांना विचारतात.

नाही म्हणाले असते तर ती आत जाऊन ताट वाढून आणणार, हे मला कळत होतं. चीफना तर माझ्याआधी कळलं असणार. मी मनात म्हणत होते, नाही म्हणा, चीफ, अहो नाही म्हणा.

चीफ उठून उभे राहिले. "जेवली," ते म्हणाले. "नादियाबरोबर बाहेर जेवून आली."

माकचिकने मान हलवली. बादली खाली ठेवली. आत जायला वळली.

लिफ्ट आली. मी आत शिरले आणि दार अडवून उभी राहिले.

"आणि तुम्ही?" तिने पाठमोरीच विचारलं.

"मी नाही," चीफ म्हणाले. "मी जेवलो नाही."

तिने जाळीची कडी काढली आणि आत गेली. आतून भांड्याचा आवाज आला. लिफ्ट कुरकुरायला लागली म्हणून मी हात काढला. दार मिटताना मला दिसलं ते एवढंच: समोरचं लाकडी दार उघडं होतं, जाळीही उघडी होती, आणि चीफ उंबऱ्याच्या अलीकडे, चपला काढून, आत बोलावण्याची वाट बघत उभे होते.